उदाहरणवाक्य

कॉनमाराच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो,
नुसता खडक उरतो आणि मग तोही बुडतो,
तिथं बार्ब्राच्या स्वयंपाकघरात मी बसलो होतो
बुटाच्या खोक्यात शब्दांची कार्डं घेऊन.
शब्दकोशाचं काम. नोव्हेंबर. सकाळ म्हणावी इतपत उजेड.

द्वेषाला तुम्ही काय म्हणता, विचारलं.
चुलीत पीट सारत ती म्हणाली, कुठल्या द्वेषाला?
रोजचा एक आहे : फूअ.
म्हणून बघ.
म्हटलं. टेबलावरच्या मेणबत्तीची ज्योत वाकली.
फार जोर लागत नाही, ती म्हणाली,
आणि तो इथं कुणी करत नाही.
तो असतो.
माझ्यापाशी असतो, तुझ्यासाठी,
खिशात दुसऱ्याचा चाकू राहून जावा तसा.

जुन्या पोथ्यांत याच शब्दाला
आकृती असाही अर्थ आहे, मी सांगितलं,
भूत, धुक्यात उभं राहिलेलं काहीतरी.
जुन्या कशाला, ती म्हणाली.

दुसरा शब्द मिस्कश.
म्हणताना तिचे ओठ आत ओढले गेले,
पिशवीचं तोंड सुतळीनं आवळावं तसे.
हा रोज वापरायचा नाही. मुरवावा लागतो.

त्याची मुळं मला ठाऊक होती, शहाणपण आवरलं नाही.
सांगितलं : आधी नुसता कश होता.
कश म्हणजे द्वेष. कश म्हणजे प्रेमही.
कुणी लेखनिक दोन्ही अर्थ
शेजारी शेजारी मांडून गेला, एकही खोडला नाही.
पुढं मिस् जोडला तेव्हा कुठं कळायला लागलं
नक्की काय समजायचं ते.
आणि तिकडं ग्रीकांत याच घराण्यातला शब्द
काळजी सांगतो. सुतकही सांगतो.

बार्ब्रानं किटलीचं झाकण नीट बसवलं.
तो लेखनिक, म्हणाली,
कुणाच्या तरी समोर राहत असणार.

तिच्या समोर मॅक्डारा राहतो.
खाडीपलीकडचं घर, खिडकीतून दिसणारं एकुलतं एक.
एकोणचाळीस वर्षं झाली.
शेवाळ गोळा करायच्या दहा पावलांच्या किनाऱ्यावरून
दोन्ही घरांत पीट धुमसतं, मधून विस्तव जात नाही.
ती दुकानात असली की तो बाहेर थांबून
कुणाच्याही घोड्याशी बोलत राहतो.
चर्चमध्ये तो डावीकडं, ती उजवीकडं;
पाद्री बिचारा मधल्या रिकाम्या बाकांना
प्रवचन देतो.

उदाहरणवाक्य द्या, मी म्हटलं, कार्डावर लागतं.
तिनं खिडकीकडं पाहिलं. बराच वेळ.
मग, मी लिहून घेईन अशा बेतानं, सावकाश :
नऊ वाजून गेले,
त्याच्या चिमणीतून अजून धूर नाही.

यात शब्द आला नाही, बार्ब्रा.
आलाय. नीट ऐक.

मी ऐकत होतो तोवर तिनं माझा कोट खुंटीवरून काढला,
अर्धा चहा माझ्या हातातून घेतला.
निघ आता. आणि खाडीकडून जा.
मी पाठवलं म्हणू नकोस.

भरती चढत होती. दोन्ही मोजे भिजले.
मॅक्डारा दारातच होता, खोकत,
ओल्या पीटला आणि ते विकणाऱ्याला शिव्या घालत.
तिनं पाठवलं?
नाही.
बरं, तो म्हणाला. थोड्या वेळानं परत, बरं.
मग माझ्या खोक्याकडं हनुवटी करून :
शब्द कुठला दिला?
मिस्कश.

त्यानं हातातलं ढेकूळ खाली ठेवलं, विजारीला हात पुसले.
तो आमच्या घरचा, म्हणाला. माझ्या आईचा.
ती इथं यायची तेव्हा इथूनच घेऊन गेली.
कार्डावर तसं लिही.